पाहुण्या कलेचा सत्कार

सांप्रत एका राष्ट्राचा नर्तकसंघ दुसऱ्या राष्ट्रांत जाऊन आपल्या नृत्याचा मोठा समारंभ करितो, आणि त्या समारंभास ‘आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक देवघेव’ असें नांव देण्यांत येतें. कोरिया देशांतील सेऊल नगरींत असे दोन बॅले-संघ प्रसिद्ध आहेत. त्यांपैकीं राष्ट्रीय बॅले-संघ १९६२ सालीं, तर ‘युनिव्हर्सल बॅले’ हा संघ १९८४ सालीं स्थापन झाला. अशा संघाचा प्रयोग परदेशीं झाला म्हणजे व्यासपीठावर दोन्ही देशांचीं निशाणें लागतात, भाषणें होतात, पुष्पगुच्छ दिले जातात, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि दुसऱ्या दिवशीं पाहुणे आपल्या गांवीं निघून जातात. पाहुणे गेल्यावर मागें काय राहतें, हा प्रश्न फारसें कोणी विचारीत नाहीं. तोच आज आपण विचारूं.

‘देवघेव’ ह्या शब्दांत दोन क्रिया आहेत, एक देण्याची व दुसरी घेण्याची. ज्याच्या पदरीं स्वतःचें कांहीं नाहीं तो देणार काय? आणि जो श्रम करून शिकत नाहीं तो घेणार कसा? केवळ पाहिल्यानें कोणाची कला कोणास मिळत नाहीं. ह्या म्हणण्याचें उत्तम उदाहरण आपल्या पुणें जिल्ह्यांतच घडून गेलें आहे. जिल्ह्याच्या पूर्वेस आपलें केंदूर आहे, तसें पश्चिमेच्या टोकास, घाटमाथ्यावर, खंडाळें आहे. त्या खंडाळ्याची हकीकत सांगण्यापूर्वीं बॅले म्हणजे काय, हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे.

बॅले हा युरोपांतील नृत्यप्रकार होय. त्याचा उगम इटलींतील राजदरबारांत झाला आणि वाढ फ्रान्सच्या दरबारांत झाली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई हा स्वतः नाचणारा होता. त्यानें १६६१ सालीं नृत्याची राजमान्य संस्था स्थापिली. म्हणूनच ह्या नृत्याच्या परिभाषेंतील शब्द आजहि सर्व देशांत फ्रेंचच आहेत. पुढें एकोणिसाव्या शतकांत ह्या कलेनें रशियांत परमोत्कर्ष गांठला. ह्या नृत्यांत पायांच्या पांच मूळ स्थिति असून त्या प्रत्येकींत पाय मांडीपासून बाहेरच्या बाजूस वळविलेले असतात. मुली टोंक कठीण केलेला जोडा घालून पायाच्या बोटांच्या अग्रावर उभ्या राहतात. शरीरास जणूं वजनच नाहीं, तें आतां जमीन सोडून वर जाईल, असा भास उत्पन्न करणें हें ह्या कलेचें एक मुख्य साध्य आहे. बोलणें मुळींच नसतें. कथा सांगावयाची ती हालचालींनीं व वाद्यसंगीतानें.

आपल्याकडील कथक नृत्याची रीत ह्याच्या अगदीं उलट आहे. कथकांत पाऊल सपाट जमिनीवर पडतें, घोट्यास शेकडों घुंगरें बांधलेलीं असतात, आणि तबल्याच्या बोलाशीं पायाचा आघात तंतोतंत जुळवून नर्तकास समेवर यावें लागतें. बॅले नाचणारी पृथ्वीला सोडूं पाहते. कथक नाचणारी पृथ्वीलाच वाद्य बनविते. ह्यांत कोणी श्रेष्ठ व कोणी कनिष्ठ नाहीं. दोहोंनाहि वर्षानुवर्षें रोजचा सराव लागतो, आणि लहानपणीं आरंभ केल्याशिवाय दोन्हीहि साधणें कठीण.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें १८८१ सालीं ॲना पाव्हलोवा ह्यांचा जन्म झाला. त्यांची आई लोकांचे कपडे धुऊन निर्वाह करीत असे. वयाच्या दहाव्या वर्षीं त्या राजकीय नृत्यशाळेंत दाखल झाल्या, आणि पुढें जगांतील सर्वांत विख्यात बॅले-नर्तकी म्हणून त्यांचें नांव झालें. त्यांनीं आपला संघ घेऊन आयुष्याचा मोठा भाग प्रवासांत घालविला. १९२२-२३ च्या पूर्वेकडील प्रवासांत, आणि पुन्हा १९२८-२९ च्या सुमारास, त्या हिंदुस्थानांत आल्या, आणि मुंबईच्या प्रेक्षकांनीं त्यांचें नृत्य पाहिलें.

ह्यापूर्वीं युरोपानें हिंदुस्थानावर बॅले रचले नव्हते असें नाहीं. १८३८ सालीं पाँडेचरीजवळील देवळांत नाचणाऱ्या कांहीं स्त्रिया पॅरिसला नेण्यांत आल्या होत्या, व तेथें त्यांची फार चर्चा झाली होती. १८५८ सालीं पॅरिसमध्यें शकुंतलेच्या कथेवर बॅले झाला. १८७७ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें ‘ला बायादेर’ नांवाचा बॅले रंगभूमीवर आला. त्याची नायिका देवालयांतील नर्तकी आहे, आणि तो आजहि जगभर होतो. सेऊलच्या संघांनींहि तो केला आहे. परंतु ह्या बॅलेंत हिंदी नृत्य जवळ जवळ नाहींच. नांवें हिंदी, पोशाख हिंदी वाटावेत असे, आणि पावलें मात्र सर्वस्वी युरोपची! त्या रचना सुंदर असल्या तरी त्यांत घेणें झालें तें केवळ कल्पनेचें. ज्यांच्याविषयीं नाचावयाचें त्यांजकडून शिकण्याचा श्रम कोणी केला नव्हता.

पाव्हलोवाबाईंची दृष्टि ह्याहून निराळी होती. ह्या देशांत आल्यावर येथील नृत्य कोठें पाहावयास मिळेल, अशी चौकशी त्या करीत. सप्टेंबर १९२३ मध्यें लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत त्यांनीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेलें एक नृत्यनाट्य सादर केलें. त्याच सुमारास एक हिंदु विवाहाचा व दुसरा राधाकृष्णांचा, असे दोन प्रसंगहि त्यांनीं बसविले. ह्या दोन प्रसंगांसाठीं त्यांनीं लंडनमध्यें चित्रकला शिकत असलेल्या एका हिंदी तरुणाची मदत घेतली. तो तरुण म्हणजे उदयशंकर. कृष्णाची भूमिका त्यानें केली व राधेची खुद्द पाव्हलोवाबाईंनीं. पुढें त्याला युरोपी नृत्य शिकण्याचा मोह झाला, तेव्हां तुझ्या स्वतःच्या देशांत नृत्याचें भांडार आहे, तिकडे वळ, असाच सल्ला बाईंनीं त्याला दिला. उदयशंकर स्वदेशीं परतले, लेणीं व देवळें हिंडले, आणि नंतर स्वतःचा संघ घेऊन पश्चिमेकडे गेले. त्यांच्या संघाचें संगीत पुढें विष्णुदास शिराळी ह्यांनीं सांभाळिलें. हे शिराळी विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य होत.

हाच सल्ला मुंबईंतील दुसऱ्या एका व्यक्तीस मिळाला. त्या लीला सोखी. त्यांचा जन्म १८९९ सालीं बंगाल्यांत बारिसाल येथें झाला. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. त्यांचे पति साहिबसिंग सोखी हे १९३२ सालीं हाफकिन संस्थेचे पहिले हिंदी संचालक झाले. प्लेग व पटकी ह्यांच्या प्रतिबंधक लसींमुळें ह्या संस्थेचें नांव खेड्यापाड्यांतहि ठाऊक होतें. लीलाबाईंना नृत्याची आवड होती, परंतु त्या काळीं प्रतिष्ठित घरांतील स्त्रीनें रंगभूमीवर नाचणें ही अनुचित गोष्ट समजली जात असे. पाव्हलोवाबाईंनीं त्यांना आपल्या देशाच्या नृत्याचा अभ्यास करण्यास उत्तेजन दिलें. लीलाबाईंनीं लखनौच्या परंपरेंतील नामांकित गुरूंजवळ कथकाचे पाठ घेतले, ‘मेनका’ हें नांव धारण केलें, आणि स्वतःचा संघ उभारला.

आईबापांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. नृत्याविषयीं त्या काळच्या समाजाच्या मनांत जो तिटकारा होता तो सर्वस्वी निष्कारण नव्हता. देवाला मुली वाहण्याच्या चालीखालीं पुष्कळ मुलींच्या आयुष्याचें मातेरें होत होतें, आणि ती चाल बंद व्हावी म्हणून सुधारकांनीं व मिशनऱ्यांनीं दीर्घकाळ खटपट केली. १९३४ सालीं मुंबई इलाख्यांत देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, तो योग्यच झाला. परंतु ह्या सर्व खटपटींत एक चूक सहज होण्यासारखी होती, ती ही कीं अन्यायाबरोबर कलेलाहि दोषी ठरवावयाचें. विहिरीचें पाणी कोणी नासविलें तर विहीर उपसून स्वच्छ करावी. ती बुजवूं नये. मेनकाबाईंसारख्या स्त्रियांनीं लोकनिंदा सोसून ही विहीर उपसली. आज आपल्या मुली शाळेच्या संमेलनांत निःशंकपणें नृत्य करितात, ह्याचें थोडें श्रेय त्यांच्याकडे जातें.

मेनकाबाईंच्या कार्याचें महत्त्व असें. कथक नृत्य मूळचें बहुधा एकट्यानें करावयाचें. नर्तक एक, आणि तोच कृष्ण, तोच राधा, तोच गोप. बॅलेमध्यें मात्र अनेक नर्तक मिळून एक संपूर्ण कथा रंगभूमीवर मांडतात. प्रकाश, पोशाख, वाद्यवृंद व प्रवेशांची मांडणी हीं सर्व एका योजनेंत बसविलेलीं असतात. मेनकाबाईंनीं पाहुण्या कलेकडून ही योजना घेतली, पण पावलें घेतलीं नाहींत. पावलें कथकाचींच ठेविलीं. ‘ला बायादेर’मध्यें झालें त्याच्या हें बरोबर उलट होय. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय’ अशीं नृत्यनाट्यें त्यांनीं ह्याच रीतीनें रचिलीं. पुढें कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकावरहि त्यांनीं नृत्यनाट्य बसविलें. ह्या नाटकाची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रांतली. नाटकांत दोन नृत्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण, हा वाद लागतो. ज्याला स्वतःस कला येते आणि ती दुसऱ्यास शिकवितांहि येते तोच शिक्षकांत पहिला, असें मत त्यांत एका पात्राच्या मुखानें मांडलें आहे. आम्हां शिक्षकांना तर तें नित्य स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

१९३६ ते १९३८ ह्या काळांत मेनकाबाईंचा संघ युरोपांत हिंडला. निरनिराळ्या शहरांत त्यांचे शेकडों प्रयोग झाले. सरोदवादक सखावत हुसेन खां संघाबरोबर होते. १९३६ च्या उन्हाळ्यांत बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरल्या. त्यांत मेनकाबाईंच्या संघानें पारितोषिकें मिळविलीं. परक्या राज्याखालीं असलेल्या देशाच्या कलावंतांनीं जगापुढें असा मान मिळवावा, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ह्या गोष्टीची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. त्या वेळीं जर्मनींत हिटलरचें राज्य होतें. ज्यू कलावंतांना तेथील रंगभूमीवरून हांकून देण्यांत आलें होतें, आणि जगासमोर आपण सुसंस्कृत व शांतताप्रिय दिसावें म्हणून त्या राजवटीला असे समारंभ हवे होते. अमेरिकेंतील विख्यात नर्तकी मार्था ग्रॅहॅम ह्यांना त्याच स्पर्धेचें निमंत्रण आलें होतें. आपल्या संघांत ज्यू आहेत, आणि ज्यांचा तेथें छळ होतो त्यांच्या छळकांच्या घरीं आपण नाचणार नाहीं, ह्या भावनेनें त्यांनीं तें नाकारलें. तीन वर्षांनीं, १९३९ सालीं, त्याच देशानें जगावर महायुद्ध लादलें. ह्यावरून निशाणें एकत्र लागलीं म्हणजे मनें एकत्र आलीं असें नव्हे, हें ध्यानांत येईल. कला मैत्रीचा मार्ग मोकळा करिते हें खरें; परंतु तिच्या पडद्याआड अन्याय लपविण्याचाहि प्रयत्न होतो. म्हणून कोणत्याहि समारंभांत, येथें कोण बोलावलेला आहे, हें पाहावें, तसेंच कोणाला दाराबाहेर ठेविलें आहे, हेंहि पाहावें.

त्याच वर्षांत कोरियाची एक नर्तकीहि जग हिंडत होती. तिचें नांव चोई सुंग-ही. तिचा जन्म १९११ चा. कोरिया तेव्हां जपानच्या ताब्यांत होता, व तिचें नांवहि पुष्कळ ठिकाणीं जपानी उच्चारानें छापिलें जाई. १९३८ पासून १९४० पर्यंत तिनें अमेरिकेंत व युरोपांत आपल्या देशाच्या परंपरेवरून रचिलेलीं नृत्यें केलीं. मेनका व चोई ह्या दोघी परतंत्र देशांच्या कन्या. दोघींनाहि जगाला सांगावयाचें होतें कीं, आमचें राज्य गेलें असेल, पण आमची कला गेलेली नाहीं.

युरोपाहून परतल्यावर मेनकाबाईंनीं मिळालेल्या कीर्तीवर विसांवा घेतला नाहीं. त्यांनीं खंडाळ्यास ‘नृत्यालयम्’ नांवाची शाळा काढिली. तेथें कथकाबरोबर केरळचें कथकली व मणिपूरचें नृत्यहि शिकविलें जाई. म्हणजे परदेशाशीं देवघेव करून आल्यावर त्यांनीं स्वदेशाच्याच निरनिराळ्या प्रांतांत देवघेव सुरू केली. त्यांच्या संघांत एक लहान मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. तिचा जन्म १९२८ सालीं मुंबईस झाला, आणि युरोपचा प्रवास तिनें अवघ्या आठ-दहा वर्षांच्या वयांत केला. मेनकाबाईंनीं तिचें मुलीप्रमाणें संगोपन केलें. पुढें ती कथकाची श्रेष्ठ नर्तकी झाली. १९७० सालीं तिला पद्मश्री मिळाली, आणि आपल्या गुरूचें चरित्रहि तिनें लिहिलें. मेनकाबाई १९४७ सालीं वारल्या. ज्या प्रश्नानें लेखास आरंभ केला त्याचें उत्तर येथें मिळतें. पाव्हलोवाबाईंचा संघ मुंबई सोडून गेला, फुलें सुकलीं, टाळ्या विरल्या. मागें राहिलें तें हें, एक शाळा, एक शिष्या, आणि आपल्या कलेविषयीं परत आलेला विश्वास.

मराठी माणसानें अशी देवघेव ह्याहून पूर्वींहि केली आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) ह्यांना लहानपणीं ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ ह्या जर्मन मिशनऱ्याचें मार्गदर्शन लाभलें होतें. त्यांच्या दरबारीं तमिळ नृत्याचार्य होते, कर्नाटकी संगीत होतें, आणि युरोपी वाद्यांचा बँडहि होता. परंतु महाराजांनीं परक्या कलेंत आपली भाषा हरवूं दिली नाहीं. आज ज्यास भरतनाट्यम् म्हणतात त्या नृत्यासाठीं त्यांनीं मराठींत पदरचना केली. एकच कथा आरंभापासून शेवटापर्यंत अनेक नृत्यप्रकारांतून सांगणारी ती रचना ‘निरूपण’ ह्या नांवानें ओळखली जाते. पुढें हीं निरूपणें दृष्टीआड झालीं. विसाव्या शतकांत आचार्य पार्वतीकुमार ह्यांनीं तीं अभ्यासून पुन्हा प्रकाशांत आणिलीं, आणि त्यांच्या शिष्या, पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर ह्यांनीं तीं रंगभूमीवर नाचून दाखविलीं. तमिळ पाऊल व मराठी शब्द ह्यांचा तो संगम आहे, आणि त्यांत कोणाचीहि मानहानि झाली नाहीं.

आजच्या कोरियानेंहि हाच मार्ग धरिला आहे. ‘शिम चुंग’ ही तेथील जुनी लोककथा. शिम चुंग ही एका आंधळ्याची मुलगी. वडिलांना दृष्टि यावी म्हणून तीनशें पोतीं तांदूळ मंदिरास अर्पण करावयाचे असतात. तेवढ्या तांदळासाठीं ती स्वतःला खलाशांना विकते, आणि ते तिला समुद्रास बळी देतात. परंतु ती वांचते, कमळांतून पुन्हा वर येते व राणी होते. मग ती देशांतील सर्व आंधळ्यांना भोजनास बोलावते. त्यांत तिचे वडील सांपडतात, आणि मुलीचा आवाज ऐकतांच त्यांचे डोळे उघडतात. ही कथा कोरियांत ‘पानसोरी’ प्रकारानें गातात. गाणारा एक व ढोल वाजविणारा एक, असा तो प्रकार आहे. आपल्या कीर्तनकाराची किंवा शाहिराची आठवण व्हावी असाच! १९८६ सालीं युनिव्हर्सल बॅले संघानें ह्याच कथेचें बॅले केलें, आणि पुढें तें परदेशांतहि नेलें. युरोपचें नृत्य त्यांनीं मनापासून शिकून घेतलें, आणि त्यांत आपल्या आजीची गोष्ट सांगितली.

आतां हें सर्व आपल्या शिरूर तालुक्यांतील मुलांनीं कशासाठीं जाणावें? सेऊलचा संघ केंदुरास येईल असें नाहीं. पण उद्यां तुम्हांपैकीं कोणी पुण्यामुंबईस, कोणी परदेशीं शिकावयास जाल. तेथें इतर देशांचीं मुलें आपापलीं गाणीं व नाच सादर करितील, आणि तुम्हांला विचारितील, “तुमच्या गांवाकडे काय आहे?” तेव्हां तुम्हीं खालीं मान घालावी काय? केंदूर हें संत कान्हूराज पाठकांचें गांव. आपल्याकडे भजनाची दिंडी आहे, टाळांच्या ठेक्यावरची पावली आहे, एकनाथांचें भारूड आहे. लेझीम आहे, मुलींचा झिम्मा व फुगडी आहे, जेजुरीकडचे वाघ्यामुरळी आहेत. शेजारच्या नारायणगांवच्या विठाबाईंनीं तमाशाच्या फडांत सारा जन्म घालविला. त्यांचा राष्ट्रपतींनीं गौरव केला, आणि तरीहि तमाशाचें नांव घेतांच नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. ह्यांतील प्रत्येक गोष्टीस ताल आहे, नियम आहेत, पिढ्यानपिढ्यांची शिस्त आहे. मात्र आपल्या अंगणांतलें म्हणून आपण तें कधीं नीट शिकत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं एवढें करावें. ह्या वर्षीं गांवांतील एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून एक तरी ठेका, एक तरी फेर, एक तरी भारूड पुरतें शिकून घ्यावें. नुसतें पाहून सोडूं नये. कोणी शिकविलें, त्यांना कोणी शिकविलें, हें वहींत लिहून ठेवावें. आणि परक्या देशाची कला पाहण्याचा योग आला तर ती हंसण्यासाठीं किंवा दिपून जाण्यासाठीं पाहूं नये. ती कशी घडली, तिला किती श्रम लागले, तिच्यांतून आपणांस काय घेतां येईल, हें विचारावें. पालकांनींहि मुलामुलींच्या अशा शिक्षणास वेळेचा अपव्यय समजूं नये. परीक्षेचे गुण पोट भरण्यास उपयोगी पडतील. पण चार माणसांत आपण कोण, हें सांगण्यास दुसरी शिदोरी लागते.

पाहुण्याचा खरा सत्कार पुष्पगुच्छानें होत नाहीं. आपल्या घरांत त्याच्यापुढें ठेवण्याजोगें कांहीं असावें, आणि त्याच्यापासून शिकण्याइतकी नम्रता असावी. मग देणेंहि होतें व घेणेंहि होतें.